एकोणिसाव्या भागातला घोट

मंजुषा खांडके रोज दुपारी साडेचारला बेसमेंटमध्ये गाडी लावते आणि साडेपाचला वर येते, ही बातमी आमच्या बिल्डिंगमध्ये पसरवली ती मीच. कबूल करून टाकतो. मला ती रिझवानने दिली. रिझवान आमचा रखवालदार, इथे सगळे नातूर म्हणतात, आणि त्याने दिलेली बातमी वाया घालवणं माझ्याच्याने होत नाही.

"चाचा," तो म्हणाला, "चार सौ तीनवाली मॅडम गाडी में बैठी रहती है. एसी चालू, काच बंद. पूरा एक घंटा. गॅस से कुछ हो गया तो मेरी नौकरी जाएगी."

रिझवानला गॅसची भीती. मला वेगळाच वास आला. बाई अठ्ठावन्न वर्षांची, मुलगा तन्मय कॅनडात, नवरा गुणवंत दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका मालवाहतूक कंपनीत. ट्रॅफिक पार करून तो शारजाला घरी पोचायचा साडेसातला. म्हणजे वर घर रिकामं, आणि ही खाली अंधारात गाडीत. कोणाशी बोलत असेल? एवढीच शंका मी फक्त तिघांना बोलून दाखवली. आठवड्याने ती फिरून माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्यात एक घटस्फोटित कर्नलसुद्धा आला होता.

कर्नल आल्यावर मला राहवेना. खाली गेलो, काचेवर टकटक केलं. मंजुषाने दचकून हातातलं पुस्तक छातीशी धरलं. पायातले बूट काढलेले, घोटे सुजलेले, चष्मा कपाळावर. पुस्तकावर डोक्याला फडकं बांधलेली एक जपानी बाई सायकल दामटत होती, आणि सायकलच्या मागे लाकडी खोकं.

"हे काय, कॉमिक?"

"मांगा म्हणतात, काका. आणि शाळेचं काम आहे हे."

"मग घरी बसून करावं."

"घरी कुकर आहे," ती म्हणाली. "वॉशिंग मशीन आहे. गुणवंतचे तीन फोन येतात, गॅस सिलेंडरवाला येतो, तुम्ही येता. इथे कोणी काही मागत नाही."

मला लागलं नाही असं नाही, पण माणूस खरं बोलत होतं. मी वर जाऊन कर्नलला रीतसर निरोप दिला.

मंजुषा दुबईतल्या ऊद मेथाकडच्या एका भारतीय शाळेत ग्रंथपाल. शाळेचं नाव सांगत नाही. माझी नात इशिता तिथेच नववीत आहे, आणि मला अजून दोन वर्षं तिच्या गॅदरिंगला जायचंय. बावीस वर्षं मंजुषा पहाटे पावणेपाचला उठते, डबे भरते, सव्वासातला लायब्ररी उघडते. दिवसाला सात तास मुलांचे, उरलेला एक पुस्तकांना शिक्के मारण्याचा. तोंडात कायम एकच वाक्य, "आवाज कमी." इशिता सांगते, मॅम रागावत नाहीत, नुसत्या दमलेल्या असतात, आणि ते जास्त वाईट वाटतं.

त्या शाळेचा एक फॉर्म आहे. लायब्ररीत येणारं प्रत्येक पुस्तक ग्रंथपालाने वाचायचं आणि लिहून द्यायचं: हे पुस्तक मी संपूर्ण वाचलं आहे. खाली रकाने. मारामारी, प्रेमप्रसंग, तोकडे कपडे, मद्य, आहे की नाही. चित्रात बाटली किंवा पेला दिसला तर त्यावर पांढरा स्टिकर चिकटवायचा. सहावीपासूनची मुलं असतात ना, पालकांना चालत नाही. आता मला सांगा, जगात कोणता ग्रंथपाल दर पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचतो? चार पानं चाळायची, सही करायची, खलास. मंजुषा मात्र वाचते. सही केली म्हणजे वाचलेलं असलं पाहिजे, एवढी साधी समजूत. म्हणून बेसमेंट.

दोन वर्षांपूर्वी मुलांनी मतदान करून लायब्ररीत मांगा मागवायला लावलं. एकेक भाग पंचेचाळीस दिरहमचा. "म्हणजे हजाराच्या वर रुपये," मंजुषा तेव्हा माझ्या सुनेला म्हणाली होती, "आणि आत काय, तर डोळे!" त्यात आली ही मालिका, सायकलवरची ओसेन. छापून झालेले सव्वीस भाग, आणि लिहिणारी जपानी बाई आजारी पडल्यामुळे सत्ताविसावा लोंबकळत.

पहिल्याच खेपेला मंजुषाने घोळ घातला. जपानी पुस्तक उर्दूसारखं उजवीकडून उघडतं. तसा इशारा आपल्याला जे पहिलं पान वाटतं त्यावरच मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. पण शिक्के आधी आणि वाचन नंतर ही तिची पद्धत, त्यामुळे इशाऱ्यावर शाळेचा गोल शिक्का आणि बारकोड. आणि ज्याला ती शेवटचं पान समजली, तिथे बावीस वर्षांच्या सवयीने तारखांची स्लिप, चारी बाजूंनी डिंक लावून. आठ भागांना. नंतर गाडीत बसून तिने पहिला भाग उलटा वाचून काढला. निरोप आधी, भेट नंतर. उत्तर आधी, प्रश्न मागून.

"तुला काही विचित्र वाटलं नाही?" मी विचारलं होतं.

"वाटलं ना. पण म्हटलं, जपानी लोक असंच सांगत असतील."

आमच्या इशिताने दुसऱ्या दिवशी पुस्तक काउंटरवर ठेवलं. "मॅम, यू पेस्टेड ओव्हर द बिगिनिंग."

मंजुषाने स्टाफरूममधल्या किटलीच्या वाफेवर धरून आठही स्लिपा सोडवल्या. पहिला भाग पुन्हा वाचला, यावेळी सुलटा. आधीच्या फॉर्मवर 'संपूर्ण वाचलं' म्हणून सही झाली होती, ती खोडून नवीन तारखेची केली. आणि तिथेच कुठेतरी ही बाई अडकली.

ओसेनची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लढाई संपलेली. ओसेनचा नवरा कामिशिबाईवाला. म्हणजे काय, तर सायकलवर लाकडी चौकट, चौकटीत चित्रांचे पुठ्ठे. गावात जायचं, पोरं गोळा करायची, त्यांना गोळ्या विकायच्या आणि एकेक पुठ्ठा सरकवत गोष्ट सांगायची. नवरा लढाईवर गेला, परत आला नाही, मेल्याचा कागदही आला नाही. ओसेन त्याची सायकल घेऊन गावोगाव निघते. दर भागात एक गाव, एक गोष्ट, आणि खेळ संपला की एकच प्रश्न: माझ्या माणसाला कोणी पाहिलंय का?

मंजुषाचं माहेर कुडाळ. शेजारी पिंगुळी, चित्रकथ्यांचं गाव. लहानपणी देवळात तिने ते पाहिलं होतं. मांडीवर चित्रांची चळत, एकेक चित्र उभं करायचं आणि गात गात गोष्ट सांगायची. "काका, तेच आहे हो हे," ती मला म्हणाली. "फक्त आपल्याकडे सायकल नव्हती."

ओसेन रोज संध्याकाळी पेल्यात थोडी दारू ओतते, नवऱ्याच्या खोक्यापुढे ठेवते, सकाळी जमिनीवर ओतून टाकते. स्वतः कधी घेत नाही. अठरा भाग हेच. आणि अठरा भाग मंजुषा त्या बाटलीवर आणि पेल्यावर इमानाने पांढरे स्टिकर लावत गेली. पोरांनी त्या स्टिकरांवर पेनने चित्रं काढायला सुरुवात केली. कोणी विम्टो सरबताची बाटली काढली, कोणी लबान ताकाचा डबा, कोणी टपरीवरचा करक चहा, वर वाफेसकट. नियमाने तिने ती खोडायला हवी होती. नाही खोडली. उलट पोरांचं एक टोळकंच जमलं. ओसेनचा नवरा जिवंत आहे म्हणणारे खिडकीकडे बसायचे, मेलाय म्हणणारे दाराकडे. कोणी पुढचं फोडलं तर त्याला शिक्षा: दहा पुस्तकं जागेवर लावायची. पुस्तकदिनाला सात मुली डोक्याला फडकं बांधून आल्या, त्यात आमची एक. मी म्हटलं, "इशिता, धुणंभांडी करायला निघालीस का?" तर म्हणाली, "आजोबा, प्लीज, डोन्ट एम्बॅरस मी."

आता एकोणिसावा भाग. एक म्हातारा शिपाई भेटतो आणि ओसेनला सांगतो, तुझा माणूस कसा गेला. त्या संध्याकाळी ती नेहमीसारखा पेला भरते. दोन पानं नुसती त्याच्याकडे बघत बसते. शब्द नाही. मग उचलते आणि पिते. बस. विधवा झाली.

मंजुषा गाडीत स्टिकरची गुंडाळी हातात घेऊन बसली, आणि तिने तो पेला झाकला नाही. बाटली झाकली, पेला ठेवला. फॉर्मवर 'मद्य' या रकान्यात लिहिलं, नाही. बावीस वर्षांतली ही पहिली खोटी खूण.

जानेवारीत तक्रार आली. तक्रारदार श्रीनाथ, अजमानला केटरिंगचा धंदा, मुलगी शुभ्रा सातवीत. बापाने मुलीच्या दप्तरात पुस्तक पाहिलं, त्या पानाचा फोटो काढला, शाळेला पाठवला. पुस्तकाला जोडलेल्या फॉर्मवर ग्रंथपालाने 'मद्य नाही' असं लिहून दिलंय, मग हे काय आहे?

आणि जानेवारी म्हणजे कॉन्ट्रॅक्टं नव्याने करायचा महिना. मंजुषाला साठपर्यंत दोन वर्षं हवी होती. एरवी एवढं नडलं नसतं, पण गुणवंतच्या कंपनीत दोन शाखांची एक करायचं चाललं होतं आणि त्याच्या टेबलावरची माणसं एकेक करून कमी होत होती. त्याची नोकरी गेली तर तो बायकोच्या व्हिसावर राहणार, हे नवरा-बायकोचं ठरलेलं. दोघांच्याही गेल्या तर सामान बांधायचं. शाळेचं पत्र येईपर्यंत चारशे तीनमध्ये कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

उपमुख्याध्यापिका लतिका मॅडम पुण्याच्या, वयाने मंजुषापेक्षा लहान, स्वभावाने चांगल्या. आमच्या गोष्टीत वाईट माणूस एकही नाही, ही मोठीच अडचण आहे. त्यांनी मंजुषाला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि एक टाइप केलेलं पत्र पुढे ठेवलं. सदर चित्र कामाच्या ताणामुळे नजरचुकीने झाकायचे राहिले, दिलगीर आहे.

"सही करा मंजुषा मॅम. उद्या पेरेंट येतायत, त्यांना हे दाखवू, पुस्तकावर स्टिकर लावू, मॅटर क्लोज. मॅनेजमेंटला तुमचं रिन्यूअल पुढे पाठवायचंय मला."

"उद्या सही केली तर चालेल?"

"चालेल. पण करा."

त्या संध्याकाळी गुणवंत माझ्याकडे आला. स्वतःहून कधी न येणारा माणूस. टाय सैल, हातात ऑफिसची बॅग तशीच. मंजुषा मागून आली, त्याच्यासाठी ताटाखाली झाकलेलं जेवण वाट बघतंय हे सांगायला. जेवण राहिलं, दोघं माझ्या सोफ्यावर बसले.

"काका, तुम्ही सांगा हिला," गुणवंत म्हणाला. "एक शब्द आहे. नजरचूक. सगळं जग लिहितं."

"अहो, पण नजरचूक झाली नाही."

"मला माहीत आहे गं मंजू! कोणाला सिद्ध करायचंय? एकोणतीस वर्षं काढली इथे. एका कपासाठी जायचं आपण? तेसुद्धा चित्रातल्या?"

मंजुषा गुडघे चोळत होती. मी नेहमी अशा वेळी एखादा विनोद टाकतो. त्या दिवशी सापडला नाही.

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "मी अख्खं वाचते आणि सगळ्यांना वाटतं, ही नुसती सही करते. आता खरंच लिहून देऊ, की मी न बघता सही केली?"

"हो. दे लिहून. मी लिहितो रोज काय काय," गुणवंत म्हणाला आणि उठला. दारात थांबून म्हणाला, "तुला वाटतं मी दमत नाही?"

"वाटत नाही असं," ती म्हणाली. "जेवा चला."

दुसऱ्या दिवशीचं मला तिघांकडून कळलंय, आणि तिन्ही हकिगती जुळतात, हे क्वचित घडतं. श्रीनाथ वेळेवर आला. साधा माणूस, शर्टाच्या खिशात दोन पेनं, सकाळपासून पाचशे डब्यांची ऑर्डर उरकून आलेला. लतिका मॅडमनी पत्र आणि पेन मंजुषापुढे सरकवलं. मंजुषाने पत्र वाचलं. सबंध वाचलं, तळाच्या शाळेच्या फोन नंबरापर्यंत. मग म्हणाली, "हे चुकून राहिलेलं नाही. मी ठेवलं."

लतिका मॅडमनी डोळे मिटून घेतले.

"ठेवलं म्हणजे?" श्रीनाथने विचारलं.

मग मंजुषाने ओसेनची गोष्ट सांगितली. पहिल्या भागापासून, सायकल, खोकं, रोज ओतलेला आणि रोज जमिनीवर सांडलेला पेला. शिपाई. ती दोन गप्प पानं. कधी मोठ्याने न बोलणारी बाई, दहा मिनिटं बोलत होती. "त्या पानावर शब्द नाहीत हो. तिथे कागद चिकटवला तर ती बाई काय करते, तेच मुलांना दिसत नाही. आणि ती पीत नाहीये. ती त्याला निरोप देतेय."

श्रीनाथने सगळं ऐकून घेतलं. घाई केली नाही.

"मॅडम, तुम्ही छान सांगता," तो म्हणाला. "आमच्या घरी पण रोजचा पहिला घोट कोणाच्या तरी नावाचाच असायचा. कधी आजोबांच्या, कधी मेलेल्या बैलाच्या. माझे वडील रडत रडत प्यायचे. आई आत पिठाच्या डब्यामागे लपायची. मला माझ्या मुलीला तो घोट इतका सुंदर दाखवायचा नाही."

मंजुषा त्याला एवढंच म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. तुम्हाला न विचारता मी ठरवलं, हे चुकलं माझं. फॉर्मवर खोटं लिहिलं, तेही चुकलं. पण बघायचं राहिलं असं नाही लिहून देणार. मी बघितलं होतं."

तिने कामाचा ताण आणि नजरचूक दोन्ही खोडलं, वर 'समजून उमजून' लिहिलं आणि सही केली. श्रीनाथ जाताना दोन्ही हात जोडून गेला. लतिका मॅडम रडल्या म्हणतात. ते मात्र मला फक्त एकाच बाजूने कळलंय.

फेब्रुवारीत पत्र आलं. शाळा आपल्या दीर्घ सेवेबद्दल आभारी आहे, मार्चअखेर करार संपतो. मी गेलो तेव्हा ते फ्रिजवर चुंबकाखाली लावलेलं होतं, किराणाच्या यादीशेजारी. गुणवंतने दरवाजा उघडला. "एक शब्द, काका," तो म्हणाला, पण त्यात आता जोर नव्हता. त्याच्या कंपनीचं अजून लोंबकळतंच आहे. इन्शाल्ला, म्हणतो तो, आणि हे म्हणताना हल्ली वर बघत नाही.

मंजुषाच्या जागी अंतरा आली. तिशीची, चुणचुणीत, आधी एका बँकेत होती. शेवटच्या आठवड्यात दोघींनी मिळून अकरा हजार पुस्तकं मोजली. एकोणिसावा भाग काउंटरच्या खणात होता. तो शेल्फवर जाण्याआधी पेला झाकायचा, असा वरून आदेश. अंतराने स्टिकरची गुंडाळी पुढे केली.

"मी नाही लावणार," मंजुषा म्हणाली. "तू लाव. आता तुझी सही. पण लावण्याआधी वाच."

"हे पान ना?"

"अख्खं. पहिल्या भागापासून."

"मॅम, सगळे एकोणीस?" अंतरा हसली. मंजुषाला समजावून सांगायची ताकद नव्हती. किल्ल्या मोजून दिल्या, पाण्याची बाटली घेतली आणि बसच्या गर्दीतून पार्किंगकडे गेली.

एप्रिल अर्धा झाला. ती आता साडेचारला गाडीत नसते. गुणवंत येईपर्यंत घर रिकामं असतं, आणि दुपारी ती दिवाणखान्यात पडून राहते, पायांखाली दोन उशा. झोप येत नाही म्हणते. एवढी वर्षं झोप साठून राहिली, आणि आता वेळ मिळाला तर ती रागावून बसली आहे. रिझवान मला विचारतो, मॅडम बीमार है क्या. मी पहिल्यांदाच एका प्रश्नाला पदरचं काही न जोडता उत्तर दिलं.

काल मी इशिताची बातमी घेऊन चारशे तीनमध्ये गेलो. दार उघडंच होतं.

"ऐक," मी म्हटलं. "शाळेच्या कॉम्प्युटरवर तुझा एकोणिसावा भाग अजून 'प्रक्रियेत' दाखवतोय. पोरांनी त्या नव्या मॅडमना विचारलं, कधी देणार. तर म्हणाल्या, मी वाचतेय, तिथे पोचले की ठरवीन. दोन-दोन भाग घरी नेते म्हणे. अकराव्यावर आहे."

मंजुषा डोळे मिटून होती. मला वाटलं, झोपली. मी उठायला लागलो.

"अकरावा जरा रेंगाळतो," ती म्हणाली. "इशिताला सांगा काका, अंतराला म्हणावं तिथे सोडू नकोस."